फर्नचं खत: लिटरला अर्धा ग्रॅम, तेही पावसाळ्यात

कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) मागितलं की पुडीबरोबर एक आकडा हमखास मिळतो: लिटरला ५ ग्रॅम. आकडा खरा आहे, पण तो उघड्या रानात, भर उन्हात वाढणाऱ्या पिकावर फवारणी करण्यासाठी आहे. तेच पाणी बाल्कनीतल्या बोस्टन फर्नच्या कुंडीत ओतलं, तर आठ-दहा दिवसांत पानांची टोकं तपकिरी पडतात आणि मधले गुंडाळलेले कोवळे कोंब उलगडायच्या आधीच काळे होतात. फर्नला लिटरला अर्धा ग्रॅम पुरतो, म्हणजे त्या मापाचा दहावा भाग. हंसराज या नाजूक पानांच्या फर्नला त्याच्याही निम्मा.

इतकं कमी का, ते समजून घ्यायचं तर पावसाळ्यात आंबोलीला किंवा कोकणातल्या कुठल्याही जुन्या आंब्या-फणसाखाली उभं राहून खोडाकडे बघावं. तिथे बाशिंग वाढलेलं असतं. हाही एक फर्नच. त्याला दोन तऱ्हेची पानं असतात. लांब, हिरवी, खोल कातरलेली पानं पावसाबरोबर येतात आणि कोरड्या दिवसांत गळतात. दुसरी पानं आखूड, तपकिरी, कागदासारखी कडक. ती खोडाला चिकटून राहतात, पडत नाहीत. या तपकिरी पानांच्या मागे झाडाचा पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, धूळ असं सगळं साठतं आणि कुजतं. बाशिंगाची मुळं त्यातच पसरतात. पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर त्या कुजलेल्या पाल्यातून थोडं थोडं अन्न झिरपतं, आणि ते इतकं पातळ असतं की त्याला खत म्हणायलाही आपण धजणार नाही. नर्सरीत मिळणारा बर्ड्स नेस्ट फर्नही असाच, मधल्या पेल्यात पाला गोळा करून जगणारा. बोस्टन फर्न जमिनीवरही वाढतो आणि झाडावरही, पण त्याची मुळं तशीच केसासारखी बारीक आणि वरच्या थरात पसरलेली असतात. क्षार जास्त झाले की सर्वात आधी तीच जळतात. मुळं जळाली की पाणी वर चढत नाही, पान सुकतं, आपण आणखी पाणी घालतो, आणि कुंडी कुजायला लागते.

वेळापत्रकाचा घोळ याहून मोठा आहे. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांगतात की वसंत आणि उन्हाळ्यात खत द्या, हिवाळ्यात थांबा. तिथला उन्हाळा म्हणजे वाढीचा हंगाम. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे फर्नसाठी तग धरण्याचे दिवस. पुण्यात, नाशकात दुपारी हवा कोरडी ठणठणीत, विदर्भात तर विचारायलाच नको. अशा वेळी दिलेलं खत झाड उचलत नाही. पाणी उडून जातं, क्षार मातीत राहतात, आणि प्रत्येक वेळी त्यांची तीव्रता वाढत जाते. मे महिन्यात फर्न पिवळा पडला म्हणून खत घालणं हे फर्न मारण्याचा सर्वात सोपा मार्ग आहे. त्याला तेव्हा सावली, ओलावा आणि कुंडीभोवती दमट हवा हवी असते, खत नको.

आपल्या फर्नचा हंगाम पहिला पाऊस स्थिरावला की सुरू होतो. जूनअखेर ते ऑक्टोबर दर १५ दिवसांनी पातळ खत. नोव्हेंबरपासून मुंबई, कोकण, गोव्यात महिन्यातून एकदा चालू ठेवायला हरकत नाही, कारण तिथे थंडी फारशी नसते आणि हवेत ओल असते. पुणे, नाशिक, नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत पूर्ण बंद. फेब्रुवारीत नवे कोंब दिसू लागले तर एखादी मात्रा, आणि दुपारचं तापमान ३५ अंशांच्या वर जायला लागलं की पावसापर्यंत पुन्हा बंद. महिन्यांपेक्षा कोंबांवर विश्वास ठेवावा. मधोमध गोगलगायीच्या शंखासारखे गुंडाळलेले नवे कोंब दिसत असतील तर झाड खायला तयार आहे. दिसत नसतील तर थांबावं.

पावसाळ्यातही एक अडचण येते. जुलैत सलग आठ दिवस झड लागली की घरातल्या कुंडीची माती वाळतच नाही. खत द्यायची तारीख आली म्हणून ओल्या गच्च मातीत आणखी अर्धा लिटर ओतू नये. खताचं पाणी हे नेहमीच्या पाण्याच्या ऐवजी द्यायचं असतं, त्याच्या जोडीला नाही. तारीख गेली तर गेली. याउलट कुंडी उघड्यावर टांगलेली असेल आणि तिच्यावर थेट पाऊस पडत असेल तर मातीतलं सगळं अन्न धुऊन जातं, तिथे १५ दिवसांचं वेळापत्रक पाळलंच पाहिजे. आणि खिडकीपासून दहा फूट आत, अंधाऱ्या कोपऱ्यात शोभेला ठेवलेल्या फर्नला खताची गरज जवळपास नसते. उजेड नाही तर वाढ नाही, आणि वाढ नाही तर खत जाणार कुठे?

आता कोणतं खत घ्यायचं ते. फर्नला फूल येत नाही, फळ येत नाही, बीही येत नाही. त्याला पानं हवीत, म्हणून नत्र महत्त्वाचं. स्फुरद आणि पालाश बेताचे. त्यामुळे १२:६१:००, ००:५२:३४ किंवा ‘फुलं भरपूर येतील’ असं लिहिलेली कोणतीही पुडी फर्नसाठी वाया. पानांच्या मागे ओळीने दिसणारे तपकिरी ठिपके हे बीजाणूंचे पुंजके असतात; बीऐवजी यांतूनच नवा फर्न उगवतो. ते पाहून कीड समजून औषध मारणारे आणि अन्न कमी पडलं समजून खत घालणारे, दोघेही थांबले तर बरं. कीड असेल तर खवले वेडेवाकडे कुठेही चिकटलेले असतात, नखाने निघतात आणि पान चिकट होतं. बीजाणू ठरावीक रांगेत, नक्षी काढल्यासारखे असतात.

१९:१९:१९ चांगलं, कारण ते गल्लोगल्ली मिळतं आणि पूर्ण विरघळतं. त्यात स्फुरद गरजेपेक्षा जास्त आहे, पण अर्धा ग्रॅमच्या मात्रेत त्याने बिघडत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं मिसळलेला प्रकार मिळाला तर तो घ्यावा. युरिया, डीएपी, १०:२६:२६ यांचे दाणे कुंडीत टाकू नयेत. शेतात ते एकरभर पसरतात, कुंडीत मात्र चार दाणे जिथे पडतात तिथली मुळं करपतात. नर्सरीत छोट्या पिशव्यांतून रंगीत दाणे विकतात. ज्याच्यावर नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण छापलेलं नाही ते घरात आणूच नये.

हळूहळू सुटणारी लेपित खतं, म्हणजे प्लास्टिकसारखं कवच असलेले गोल दाणे, फर्नला मानवतात. मात्र पाकिटावर लिहिलेला ‘५-६ महिने’ हा काळ साधारण २१ अंश तापमान धरून दिलेला असतो. उष्णता वाढली की कवचातून खत लवकर सुटतं. मुंबईच्या ३० अंशांत तो काळ बराच आखडतो, आणि मे महिन्यात सगळं एकदम सुटण्याचा धोका असतो. म्हणून पाकिटावरच्या निम्मं घ्यावं, ८ इंची कुंडीला चहाचा एक सपाट चमचा, आणि ते जूनमध्ये द्यावं, मार्चमध्ये नाही. हे दाणे घातले असतील तर पातळ खताची फेरी महिन्यातून एकदाच.

अर्धा ग्रॅम मोजायचा कसा, इथे बहुतेकांचं गाडं अडतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढं बारीक वजन धड दाखवत नाही, आणि ‘चिमूटभर’ दर वेळी वेगळी भरते. त्यावर उपाय सोपा आहे. १० ग्रॅम १९:१९:१९ तोलून एक लिटर पाण्यात विरघळवायचं. एवढं वजन साधा काटाही नीट दाखवतो. हे झालं मूळ द्रावण. ते गडद बाटलीत, नाव आणि तारीख लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावं आणि महिन्याभरात संपवावं. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं १० मिलीचं टोपण घ्यायचं. एक लिटर साध्या पाण्यात पाच टोपणं मूळ द्रावण घातलं की लिटरला अर्धा ग्रॅम झाला. हंसराजासाठी अडीच टोपणं. अर्धा ग्रॅमला लिटरमागे सुमारे ९५ मिलीग्रॅम नत्र मिळतं, आणि घरातल्या उजेडात वाढणाऱ्या फर्नला ते भरपूर आहे.

देण्याची पद्धत अशी. माती कोरडी असेल तर आदल्या दिवशी किंवा निदान तासभर आधी कुंडीला थोडं साधं पाणी द्यावं. कोरड्या मातीत खत कधीही नाही, कारण कोरडं मूळ पहिल्या घोटालाच तीव्र पाणी शोषतं. मग ६ इंची कुंडीला साधारण २०० मिली, ८ इंचीला ४०० मिली खताचं पाणी कडेकडेने, गोल फिरवत, खालून थोडं निथळेपर्यंत घालावं. ताटलीत जमलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावं, नाहीतर निघालेले क्षार खालून पुन्हा वर चढतात. बर्ड्स नेस्टच्या मधल्या पेल्यात खताचं पाणी अजिबात जाऊ देऊ नये. जंगलात तो पेला पाला गोळा करतो हे खरं, पण तिथे वारा खेळतो आणि सर येऊन सगळं धुऊन जाते. दिवाणखान्यात तेच पाणी साचून गाभा कुजतो. त्याला खत जास्त झालं की नवी पानं कातरल्यासारखी, वेडीवाकडी निघतात.

पानांवर खत फवारण्याच्या मी विरोधात आहे. बोस्टनच्या दाट पानांत ते साचतं आणि डाग पडतात. हंसराजाच्या पानावर तर थेंब ठरतच नाही, घरंगळून जातो. फळीवर बांधलेल्या स्टॅगहॉर्न फर्नसाठी मात्र महिन्यातून एकदा अख्खी फळी त्याच अर्धा ग्रॅमच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून निथळत ठेवावी. त्याच्या ढालीसारख्या पानामागे केळ्याची सालं खोचण्याची टूम बरीच पसरली आहे. सालीत पालाश असतं, नत्र फारच थोडं. फर्नला हवं नेमकं उलट. वर चिलटं येतात ती वेगळीच.

घरगुती खतांमध्ये गांडूळखत सर्वात भरवशाचं. ६ इंची कुंडीत एक मूठ, वरच्या थरात हलक्या हाताने मिसळून, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. माती बनवताना त्याचं प्रमाण पाचव्या भागाच्या वर नेऊ नये. जास्त झालं की बारीक कण पाणी धरून ठेवतात आणि मुळांना हवा मिळत नाही. शेणखत वर्षभर तरी मुरलेलं हवं, हातात घेतलं तर मातीचा वास येणारं. कोंबडीखत नको, ते फार तिखट असतं. निंबोळी पेंड कुंडी बदलताना ८ इंचीला एक मोठा चमचा. शेंगदाणा पेंड तीन दिवस भिजवून, वीसपट पाणी घालून देतात. नत्र छान मिळतं, पण वास असा की बंद फ्लॅटमध्ये शक्यच नाही; आणि दाट दिली की मातीवर बुरशी आणि बारीक काळी चिलटं हटत नाहीत. शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या जीवामृताचंही तेच. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी खुशाल वापरावं, दहापट पातळ करून.

जनावरांच्या खाद्यासाठी अझोला वाढवणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून ओंजळभर मागून घ्यावा. अझोला हा स्वतः पाण्यावर तरंगणारा फर्न आहे, आणि त्याच्या पानाच्या पोकळीत राहणारी निळी-हिरवी शेवाळं हवेतलं नत्र धरतात. धुऊन, सावलीत सुकवून, चुरून बोस्टनच्या मातीवर पातळ थर दिला की तो हळूहळू कुजत नत्र देत राहतो. तो सौम्य असतो, त्यामुळे थोडा जास्त झाला तरी सहसा इजा होत नाही.

चहाचा चोथा तसाच घालू नये. साखर-दुधाच्या चहाचा तर नाहीच, मुंग्या आणि बुरशी ठरलेली. तो धुऊन कंपोस्टच्या डब्यात जाऊ दे. तांदळाचं धुवण निरुपद्रवी आहे पण त्यात अन्न नगण्य. रोज घातलं तर मातीला आंबूस वास येतो. किनारपट्टीवर मासळी धुतलेलं पाणी माडाला, कढीपत्त्याला घालतात, तिथे ते चालतं. समुद्राच्या मासळीचं मीठ मात्र फर्नच्या कुंडीत राहता कामा नये.

खताइतकंच महत्त्वाचं आहे ते कशात कालवतो ते पाणी. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर खत न घालताही टोकं जळतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र घरी असेल तर बघावं: ५०० च्या वर आकडा असेल तर त्या पाण्यात खत कालवू नये. एक गोष्ट ध्यानात ठेवावी, युरियाच्या रूपातलं नत्र या यंत्राला दिसत नाही, आणि १९:१९:१९ मधलं निम्म्याहून जास्त नत्र याच रूपात असतं. म्हणून खत घातल्यावर आकडा कमी दिसला तरी आणखी घालण्याचा मोह नको. आरओच्या नळीतून फुकट जाणारं पाणी सगळ्यात खारट, ते फर्नला कधीच नाही. एसीचं पाणी चालतं. पावसाचं सर्वात उत्तम. पिंपात साठवावं, पण झाकण घट्ट, नाहीतर डासांची पैदास आपल्याच घरात.

जड पाण्याची आणखी एक खूण म्हणजे नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. हे नत्र कमी पडल्याचं लक्षण नाही. चुन्यामुळे मातीची आम्लता गेलेली असते आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही. तिथे चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या निम्म्या मात्रेत एकदा द्यावं आणि पाणी बदलावं. नत्र खरोखर कमी असेल तर पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होतो, सगळं पान सारखं फिकट होतं आणि नवी पानं आखूड येतात. टोकं तपकिरी, बाकी पान हिरवंगार असेल तर कोरडी हवा किंवा क्षार. मातीच्या कुंडीच्या कडेला पांढरा थर आला असेल तर क्षारच.

नेमकी उलट अडचण कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) आणि निव्वळ पावसाच्या किंवा एसीच्या पाण्यावर वाढवणाऱ्यांना येते. कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं, १९:१९:१९ मध्ये ते नसतात, पाण्यातही नाहीत. नवे कोंब वाकडे, खुरटे उलगडतात. त्यांना वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला ०.३ ग्रॅम, आणि दोन महिन्यांतून एकदा मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम द्यावं. ही दोन्ही आणि १९:१९:१९, तिन्ही वेगवेगळ्या दिवशी. कॅल्शियम नायट्रेट मूळ द्रावणाच्या बाटलीत घातलं तर पाणी दुधाळ होतं आणि तळाला पांढरा साका बसतो. तो साका म्हणजे वाया गेलेलं कॅल्शियम आणि स्फुरद. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये.

खत जास्त झालंच तर घाबरून झाड उपटू नये. वर दाणे दिसत असतील तर वेचून काढा, वरची दोन सेंटिमीटर माती खरवडून टाका. मग कुंडी न्हाणीघरात ठेवून साधं पाणी हळूहळू सोडा, कुंडीच्या आकाराच्या तिप्पट-चौपट. ६ इंची कुंडीत दोन लिटरच्या आसपास माती मावते, म्हणजे सहा ते आठ लिटर पाणी, तीन हप्त्यांत, मध्ये पंधरा मिनिटं निथळू देत. पूर्ण जळलेली पानं बुडापासून कापा, अर्धी हिरवी राहू द्या, कारण झाड त्यांच्यावरच उभं राहणार आहे. दोन महिने खत नाही. बोस्टनचा गाभा बोटाने दाबून घट्ट लागला तर तीन ते सहा आठवड्यांत नवे कोंब येतात. मऊ, काळा, वास येणारा लागला तर बाजूने निघालेल्या दोऱ्यांसारख्या धावत्या देठांवर एखादं छोटं रोप धरलं आहे का ते बघावं आणि तेच वाचवावं.

नर्सरीतून नव्याने आणलेल्या फर्नला सहा ते आठ आठवडे काहीही देऊ नका. पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या बाजूने येणारी बरीचशी रोपं कोकोपीटमध्ये असतात आणि त्यात लेपित खताचे पिवळे-तपकिरी गोल दाणे आधीच घातलेले सापडतात. बोटाने माती उकरून बघा. दाणा चिमटीत दाबल्यावर आतून पाणी आलं तर तो रिकामा झाला, आत कडक खडा लागला तर अजून खत शिल्लक आहे. कुंडी बदलली असेल तरीही तेवढंच थांबायचं. नवी माती अशी: निम्मं कोकोपीट, पाचवा भाग गांडूळखत, उरलेल्यात नारळाच्या सालीचे तुकडे आणि लाकडी कोळसा. पहिलं पातळ खत नव्या मातीत दुसरा-तिसरा कोंब उलगडल्यावर, आणि ते लिटरला पाव ग्रॅमच.